शेवटच्या चारीपासून सोसायटीच्या टाकीपर्यंत

माझे माहेर दौंड तालुक्यात, पाटसच्या पुढे, खडकवासला कालव्याच्या एका चारीच्या, म्हणजे कालव्यातून शेतांकडे काढलेल्या छोट्या पाटाच्या, अगदी टोकाला आहे. पाटबंधाऱ्याच्या नियमाप्रमाणे पाणी आधी टोकाच्या शेतकऱ्याला द्यायचे आणि मग वर वर यायचे असते. पण आमच्या लहानपणी आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटल्याची बातमी आली तरी पाणी आमच्या बांधाला लागेपर्यंत वरच्यांचे भिजवून झालेले असे. पाळी रात्री दोनची आली तर वडील आणि दादा कंदील घेऊन उठत. उन्हाळी आवर्तन मिळणार की नाही यावर उसाचा खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारे पुढचे पीक, ठेवायचा की मोडायचा, आणि पुढच्या वर्षी कुणाच्या शाळेची फी कशातून भरायची, हे ठरत असे.

लग्नानंतर मी पुण्यात आले, बँकेत तीस वर्षे हिशेब पाहिले आणि आता शहराच्या कडेला एका सोसायटीत राहते. गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीत रोज आठ टँकर येत होते. माझ्या माहेरची चारी आणि माझ्या शहराचे नळ एकाच चार धरणांवर अवलंबून आहेत, हे मला नेहमीच ठाऊक होते. पण त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा मी वही घेऊन दोन्हींचा हिशेब एका पानावर मांडला. पुण्याच्या पुढच्या तीस-चाळीस वर्षांच्या पाण्याची चर्चा बहुतेक वेळा 'आणखी कुठून आणायचे' या प्रश्नापासून सुरू होते. वही भरत गेली तसे मला वाटू लागले की ती 'आहे ते कुठे जाते' येथून सुरू व्हायला हवी, आणि त्यात कालव्याच्या टोकाचा माणूस पहिल्या ओळीपासून असायला हवा.

आधी साठ्याचा आकडा. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचा मिळून उपयुक्त साठा २९.१५ टीएमसी आहे. त्यात वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि ज्याच्या नावाने सगळा प्रकल्प ओळखला जातो ते खडकवासला जेमतेम १.९७. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, आणि एक अब्ज घनफूट म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. हे एक टीएमसी पाणी वर्षभर रोज सारखे वापरले तर दिवसाला साधारण साडेसत्त्याहत्तर दशलक्ष लिटर पडते. धरणाची भाषा टीएमसीची आणि नळाची भाषा दशलक्ष लिटरची असल्यामुळे वर्तमानपत्र वाचणाऱ्या सामान्य माणसाला दोन्हींची सांगड घालता येत नाही, म्हणून हा भागाकार प्रत्येकाने एकदा स्वतः करून पाहावा असे मला मनापासून वाटते. पुणे शहर दररोज दीड हजार दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी उचलते. वर्षाचे ते एकोणीस-वीस टीएमसी होते, म्हणजे चारही धरणे काठोकाठ भरली तरी त्यांच्या साठ्याच्या दोन-तृतीयांश. महापालिका आणि जलसंपदा विभाग यांच्यातील जुन्या कराराचा आकडा ११.५० टीएमसी होता. त्या आकड्यात आणि प्रत्यक्ष उचलीत जे अंतर वाढत गेले, ते कुठून तरी आले असणार. ते माझ्या दादाच्या उन्हाळी आवर्तनातून आले.

खडकवासला धरण मुळात बांधले गेले ते प्रामुख्याने पूर्वेकडच्या अवर्षणग्रस्त जमिनीसाठी. १८६९ ते १८७९ या काळात, कॅप्टन फाइफ यांच्या आखणीनुसार ते उभे राहिले आणि त्यामागच्या तलावाला बराच काळ त्यांचेच नाव होते. पुणे शहर आणि लष्करी छावण्या यांना पिण्याचे पाणी देणे हाही हेतू त्यात होता, पण तो शेतीच्या कालव्याला जोडून आलेला. पुढे याच धरणावर विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये आपल्या कल्पनेची स्वयंचलित दारे बसवली, तीही सांडव्यावरून वाहून जाणारे पाणी अडवून साठा वाढावा म्हणून. त्याआधीचे पुणे कात्रजच्या तलावांतून दगडी नळाने येणाऱ्या पाण्यावर आणि पेठापेठांतल्या हौदांवर जगत होते. ती योजना नानासाहेब पेशव्यांच्या काळातली, अठराव्या शतकाच्या मध्यातली. चढउतार पाहून केवळ उताराने पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणणे, वाटेत नळातली हवा बाहेर पडावी म्हणून उच्छ्वास बांधणे, ही कामे आजही पाहिली की त्यांच्या मोजमापाची अचूकता जाणवते.

१२ जुलै १९६१ चा दिवस पुण्यात कुणाला सांगावा लागत नाही. पानशेतचे बांधकाम पुरे होण्याआधीच पाणी साठले, धरण फुटले, मागोमाग खडकवासलाही फुटले आणि मुठाकाठच्या पेठा वाहून गेल्या. माझ्या सासूबाई तेव्हा नारायण पेठेत राहत होत्या. त्या पुराची गोष्ट सांगताना त्या पाण्याच्या उंचीपेक्षा त्यानंतरच्या कोरड्या नळांविषयी अधिक बोलत. ज्या वाड्यांच्या विहिरी बुजवलेल्या नव्हत्या तिथे सगळी आळी रांग लावत होती, असे त्या सांगत. एकाच नदीच्या एकाच खोऱ्यावर, एका धरणाखाली दुसरे अशा साखळीवर सबंध शहर अवलंबून ठेवण्याची जोखीम त्या आठवड्यात पुण्याने पाहिली. नंतर पानशेत पुन्हा बांधले गेले, वरसगाव आणि टेमघर झाले, शहर वाढले आणि वाड्यांच्या जागी इमारती येताना त्या विहिरीही बुजल्या.

या धरणांचा एक स्वभाव दीर्घकालीन नियोजनात पुरेसा लक्षात घेतला जात नाही असे मला वाटते. ती एका पावसाळ्याची धरणे आहेत. जून ते सप्टेंबर भरायची आणि पुढच्या जूनपर्यंत रिकामी व्हायची. गेल्या वर्षीचे शिलकी पाणी यंदाच्या दुष्काळाला उपयोगी पडेल इतकी त्यांची पोटे मोठी नाहीत. म्हणून १५ ऑक्टोबरचा साठा हा आमच्याकडे सणासारखा मोजला जातो. त्या तारखेनंतर कालवा सल्लागार समितीची बैठक होते, पुढच्या १५ जुलैपर्यंत लागणारे पिण्याचे पाणी राखून ठेवले जाते आणि उरलेल्यात रब्बीची आणि उन्हाळ्याची आवर्तने बसवली जातात. पाऊस चांगला झालेल्या वर्षी ही बैठक तासाभरात संपते. कमी झालेल्या वर्षी शहर आणि ग्रामीण भाग यांचे लोकप्रतिनिधी समोरासमोर येतात, दोन्ही बाजूंची गरज खरी असते, आणि निर्णय त्या वर्षापुरता होतो. वीस वर्षांचे नियोजन दर ऑक्टोबरला एकेका वर्षाच्या तडजोडीने होत राहणे हे दोघांवरही अन्याय करणारे आहे, कारण त्यामुळे शेतकऱ्याला ऊस सोडून दुसरे पीक धरण्याइतका भरवसा मिळत नाही आणि शहराला काटकसर करण्याइतकी निकड जाणवत नाही.

मग आणखी धरण का नाही? हा प्रश्न मला भेटणारा प्रत्येक जण विचारतो. भीमा हे कृष्णेचे उपखोरे आहे आणि कृष्णेच्या पाण्याची राज्याराज्यांतली वाटणी बच्छावत लवादाने आपल्या निवाड्यात ठरवून दिली. महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी आले. त्यामुळे या खोऱ्यात वरच्या बाजूला नवे पाणी अडवणे म्हणजे बहुतेक वेळा खालच्या कुणाचे तरी ठरलेले पाणी अलीकडे अडवणे असते. मुळशीचे पाणी पुण्याला द्यावे अशी मागणी गेली अनेक वर्षे होते. ते पाणी वीजनिर्मितीसाठी घाटाखाली कोकणात सोडले जाते, आणि त्या धरणासाठी ज्यांची भातखाचरे गेली त्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये केलेला सत्याग्रह आजही त्या भागात विसरला गेलेला नाही. मागणी विचार करण्याजोगी आहे, पण तिथून येणारे पाणी फुकटचे किंवा बिनहक्काचे असेल असे समजून आराखडे करू नयेत.

भामा आसखेडचा अनुभव तर ताजा आहे. खेड तालुक्यातल्या त्या धरणातून शहराच्या पूर्व भागासाठी, वडगाव शेरी, खराडी या बाजूसाठी, रोज २०० दशलक्ष लिटर पाणी आणण्याची योजना १ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाली. त्याआधी धरणग्रस्तांनी जलवाहिनीचे काम अनेकदा बंद पाडले होते. ज्यांची जमीन आणि गाव धरणात गेले त्यांचे पुनर्वसन पुरे झालेले नसताना त्यांच्या डोळ्यांसमोरून शहराकडे पाइप टाकले जात होते. त्यांच्या जागी मी असते तर मीही त्या खड्ड्यात जाऊन बसले असते. नव्या स्रोताचे वेळापत्रक अभियंत्याच्या तक्त्यावर जेवढे दिसते त्याहून ते नेहमीच लांबते, आणि ते लांबवणाऱ्या माणसांचे म्हणणे बहुधा योग्य असते.

आता माझ्या वहीतल्या सर्वांत महत्त्वाच्या पानाकडे येते. शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे आपल्या देशातले सर्वसाधारण प्रमाण आहे, आणि वितरणात पंधरा टक्क्यांपर्यंत तूट गृहीत धरली जाते. पुण्याची आजची लोकसंख्या नेमकी किती हे सांगणारी मोजणी नाही. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत ३१ लाखांहून थोडे अधिक लोक होते, त्यानंतर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे हद्दीत आली. महापालिका एक आकडा धरते, जलसंपदा विभाग दुसरा धरतो आणि दरवर्षीचा वाद खरे तर त्या दोन आकड्यांतला असतो. मी माझ्यापुरते ५० लाख धरले. ५० लाख माणसांना १३५ लिटरने ६७५ दशलक्ष लिटर लागतात. पंधरा टक्के तूट मिळवली तर ७९५ च्या आसपास, वर्षाला सव्वादहा टीएमसी. उचल मात्र दीड हजारांची, म्हणजे कागदावर माणशी ३०० लिटर.

आणि आमची सोसायटी? आठ टँकर, प्रत्येकी दहा हजार लिटर, १८० सदनिका, सरासरी चार माणसे. माणशी १११ लिटर. एवढ्यात आम्ही महिना काढला. आंघोळी झाल्या, कपडे धुतले गेले, गच्चीतल्या कुंड्याही जगल्या. तिथून चार किलोमीटरवर, जिथे नळाला मीटर नाही, तिथे सकाळी टाकी भरून वाहत असताना मी स्वतः पाहिली आहे. त्या घरातली माणसे उधळी होती असे मी म्हणणार नाही. त्यांच्या टाकीवरून वाहणारे पाणी कुणी मोजत नव्हते, आमचे टँकर मात्र मी एकेक करून वहीत टिपत होते.

या ३०० लिटरमध्ये दवाखाने, वसतिगृहे, हॉटेले, शिकायला आणि कामाला रोज येणारी माणसे यांचाही वाटा आहे, म्हणून माझा भागाकार ढोबळ आहे हे मान्य करते. तरीही महापालिका स्वतःच गळतीचे प्रमाण ३५ ते ४० टक्के सांगत आली आहे. ३५ टक्केच धरले तरी दिवसाला सव्वापाचशे दशलक्ष लिटर होतात, वर्षाला पावणेसात टीएमसी. टेमघर आणि खडकवासला या दोन्ही धरणांचा मिळून साठा ५.६८ टीएमसी आहे. म्हणजे शहराच्या जमिनीखाली, जुन्या बिडाच्या वाहिन्यांच्या सांध्यांतून आणि हिशेबात नसलेल्या जोडण्यांतून, दरवर्षी या दोन धरणांपेक्षा अधिक पाणी जाते. यातले सगळे वाया जात नाही. काही वस्त्यांमध्ये अनधिकृत म्हटल्या जाणाऱ्या नळावरच लोक जगतात आणि त्यांचा नळ तोडणे हा गळती रोखण्याचा मार्ग होऊ शकत नाही. त्यांना रीतसर जोडणी देऊन हिशेबात आणले की तो आकडा गळतीतून निघून वापरात जातो. उरलेली खरी गळती मात्र जमिनीत शोधूनच बुजवावी लागेल.

यासाठीच समान पाणीपुरवठा योजना आखली गेली. शहराचे १४१ विभाग करायचे, ८२ साठवण टाक्या बांधायच्या, सुमारे तीन लाख मीटर बसवायचे आणि प्रत्येक विभागात किती पाणी शिरले आणि किती नळांतून बाहेर आले याचा ताळा घालायचा, ही तिची मूळ कल्पना. २०१७ च्या जूनमध्ये महापालिकेने २०० कोटींचे कर्जरोखे काढले ते याच योजनेसाठी. लोकांच्या मनात ती 'चोवीस तास पाणी' या नावाने बसली, आणि मला वाटते तिथेच थोडी दिशा चुकली. चोवीस तास हा तिचा एक परिणाम आहे. गाभा आहे तो विभागवार मोजणी. नळात सतत दाब असला की फुटलेल्या सांध्यातून बाहेरचे मैलापाणी आत ओढले जात नाही, हा आरोग्याचा फायदाही मोठा आहे, पण तो फारसा कुणी समजावून सांगितला नाही. मीटर म्हणजे दरवाढ, एवढेच पोहोचले. मी बँकेत असताना खाते उघडल्याशिवाय कुणाच्या पैशाचा हिशेब देता येत नसे. पाण्याचे खातेच नसेल, तर कुणी किती वापरले आणि कुणाला किती कमी पडले, दोन्ही सांगता येत नाही, आणि कमी पडणाऱ्याची बाजू त्यात आधी बुडते.

दुसरे मोठे पान सांडपाण्याचे. घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के पाणी मैलापाणी म्हणून बाहेर पडते असे धरले जाते. गळती वजा केली तरी पुण्याचा हा प्रवाह मोठा आहे आणि तो वर्षभर, दुष्काळातही, न आटणारा आहे. महापालिकेची जुनी शुद्धीकरण क्षमता दिवसाला ४७७ दशलक्ष लिटर होती, आणि जपानच्या अर्थसाहाय्याने ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेच्या ११ नव्या केंद्रांचे काम गेली काही वर्षे चालू आहे. मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे नदीकाठच्या उपसा विहिरीतून, नदीचे पाणी उचलून ते हडपसरजवळच्या साडेसतरा नळी या ठिकाणी जुन्या बेबी कालव्यात सोडायचे आणि वर्षाला साडेसहा टीएमसी पाणी शेतीला परत द्यायचे, ही योजनाही झालेली आहे. शहराने वरून घेतले तेवढे खालून परत द्यावे, हा तिच्यातला विचार मला फार न्याय्य वाटतो. पण त्या पट्ट्यातले शेतकरी पाण्याच्या वासाविषयी, फेसाविषयी, विहिरी आणि जमिनी बिघडल्याविषयी सतत तक्रार करत आले आहेत. शुद्धीकरण अर्धवट असेल तर ती परतफेड होत नाही. हीच मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते आणि उजनीचे पाणी सोलापूर शहर पिते. पुण्याच्या पाणी नियोजनात सोलापूरच्या नळाचा उल्लेख मी आजवर क्वचितच पाहिला आहे.

शुद्ध केलेले पाणी बांधकामाला, उद्यानांना, कारखान्यांना आणि शेतीला खात्रीने देता आले तर खडकवासल्यातून होणारी उचल तेवढी कमी करता येते. कालव्याऐवजी खडकवासला ते फुरसुंगी बोगद्यातून पाणी नेण्याचा प्रस्ताव आहे. त्यात दोन टीएमसीहून अधिक पाणी वाचेल असे सांगितले जाते. २७ सप्टेंबर २०१८ रोजी दांडेकर पुलाजवळ कालवा फुटून वस्तीतली घरे वाहिली, हे पाहता वस्तीतून जाणाऱ्या त्या उघड्या कालव्याची काळजी वाटणे स्वाभाविकच आहे. माझा आग्रह एवढाच की वाचणारे पाणी कुणाचे, हे बोगदा खोदण्याआधी लेखी ठरावे. नाहीतर ते शहराच्या वाढत्या उचलीत मुरेल.

भूजलाविषयी थोडक्यात. पुण्याखालचा खडक बेसॉल्टचा. त्याच्या थरांत पाणी मुरते ते ठरावीक जागी आणि मर्यादित प्रमाणात. बावधनसारख्या ठिकाणी अजून झरे जिवंत आहेत. माझ्या सोसायटीचे चार बोअर फेब्रुवारीत आटतात आणि टँकरही शेवटी कुणाच्या तरी विहिरीतूनच भरलेला असतो, त्यामुळे भूजल हा मुख्य स्रोत होऊ शकणार नाही. आणीबाणीची शिल्लक म्हणून मात्र ते जपायला हवे, १९६१ मधल्या त्या न बुजवलेल्या विहिरींसारखे.

पाणीपुरवठ्याच्या प्रत्येक भागाचे नियोजनातले आयुष्य वेगळे धरले जाते. धरण ५० वर्षांसाठी, वितरणाच्या वाहिन्या ३० वर्षांसाठी, पंप आणि शुद्धीकरण केंद्रे १५ वर्षांसाठी. म्हणजे २०५५ चे पुणे डोळ्यांसमोर ठेवून आज जी वाहिनी टाकायची, तिला जोडलेला पंप तोवर एकदा बदललेला असेल आणि दुसऱ्यांदा बदलायला आलेला असेल. या बदलांसाठी दरवर्षी बाजूला पैसे ठेवणारे, आणि निवडणुका आल्या-गेल्या तरी त्याच वहीत लिहीत राहणारे कायमस्वरूपी कार्यालय हवे. त्या वहीच्या एका पानावर शहराची उचल, दुसऱ्यावर शुद्ध करून परत दिलेले पाणी आणि तिसऱ्यावर टोकाच्या चारीला प्रत्यक्ष पोहोचलेले पाणी असावे, आणि ती तिन्ही पाने दर महिन्याला सर्वांना पाहता यावीत.

दीड हजार दशलक्ष लिटरमध्ये पंधरा टक्केच तूट राहिली आणि माणशी १३५ लिटर दिले, तर ९४ लाख माणसांना पुरतील. इतर वापर धरून तो आकडा खाली येईल हे मला कळते. पण पुढच्या काही दशकांची घरगुती वाढ आजच्याच उचलीत बसू शकते, एवढे तरी त्यातून दिसते.

दादाचा फोन दर ऑक्टोबरमध्ये येतो. धरणात किती आहे, विचारतो. खरे तर त्याच्या मोबाइलवर तो आकडा माझ्याआधी आलेला असतो. त्याला जाणून घ्यायचे असते की शहरात काय बोलले जाते आहे. गेल्या वर्षी मी त्याला सांगितले, की आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत प्रत्येक सदनिकेला मीटर बसवण्याचा ठराव मी मांडला आणि तो एकोणीस मतांनी पडला. तो थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "एकोणीसच ना? पुढच्या वर्षी परत मांड." यंदाची सभा पुढच्या रविवारी आहे. टँकरच्या वर्षभराच्या पावत्या मी महिन्यांप्रमाणे लावून ठेवल्या आहेत.